तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पोराला मी का जाऊ दिलं

परवा कोल्हापुरात उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर एकानं पुन्हा विचारलं. "मामा, खरं सांगा, त्या पोराला तुम्ही का घालवलंसा?" लेथवर जॉब लावून आलो होतो, हातात ग्लास होता, पाच मिनिटं होती. पाच मिनिटांत काय सांगणार? म्हटलं, "त्याचं नशीब." आणि मग दिवसभर ते बोलणं मला खात राहिलं, कारण ते खोटं होतं. नशिबानं त्याला पाठवलं नव्हतं, मी पाठवलं होतं.

तो आमच्या तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, फुटबॉल संघातला फॉरवर्ड, पुढं राहून गोल करणारा. त्याला मी बाहेरगावच्या क्लबाकडं पाठवलं. चार वर्षं झाली, हा प्रश्न माझ्या मागं आहे. लग्नात, रंकाळ्यावर, शाहू स्टेडियमच्या गॅलरीत. एकदा तर मयताला गेलो होतो तिथंसुद्धा. विचारणाऱ्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, तालीम सोडून गेला आणि वाया गेला, इथं राहिला असता तर आज कोल्हापुरात त्याच्यासारखा फॉरवर्ड नसता. दुसरा म्हणतो, गेला ते बरं झालं, पण तिथं त्यालाच खेळता आलं नाही. पहिल्यांना मी गुन्हेगार वाटतो, दुसऱ्यांना तो. तो कोण, कुठल्या तालमीचा, हे तुम्हाला माहीत आहे, त्यात शिरत नाही.

आधी पैशाचं बोलतो, कारण ते माझ्या पाठीमागं बोललं जातं. तालमीच्या संघाची नोंदणी, कागदपत्रं, केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) ऑफिसातल्या चकरा ही कामं बरीच वर्षं माझ्याकडं आहेत. 2021 मध्ये त्याचा कागद माझ्या सहीनं पुढं गेला. त्याबदल्यात तालमीला एक रुपया आला नाही, साधा एक चेंडू आला नाही, आणि मला तर नाहीच नाही. उलट त्याचे नवे बूट आणि रेल्वेचं तिकीट मी माझ्या पगारातनं केलं. हे मी कधी सांगितलं नव्हतं, सांगायची वेळ येईल असं वाटलंही नव्हतं.

आता का पाठवलं ते. 2020 च्या मार्चमध्ये कोरोनानं हंगाम अर्ध्यात थांबला तेव्हा त्याच्या नावावर नऊ गोल होते. वय सोळा. गॅलरीतून कोणीतरी गोलला पाचशे जाहीर करायचा, कोणी हजार. कधी सामनावीर, कधी लढवय्या; घरात ट्रॉफ्या ठेवायला जागा नव्हती, आई त्या पलंगाखाली सरकवायची. सामना संपला की खांद्यावर बसवून पेठेत मिरवणूक, फटाके, हलगी. मीही त्या खांद्यांत होतो. पण लेथवर काम करणाऱ्याला एक सवय लागते, जॉब फिरत असताना तो कुठं थरथरतो तिकडं लक्ष जातं. त्याचे नऊच्या नऊ गोल एकाच पद्धतीचे होते. मागून लांब चेंडू यायचा, तो धावायचा, बॅक (समोरचा बचावपटू) मागं पडायचा, उजव्या पायाचा फटका. पाठ गोलकडं करून, अंगावर सेंटर बॅक घेऊन चेंडू आला की तो त्याच्या पायाला लागून हातभर लांब जायचा. डावा पाय फक्त उभं राहायला. इथं त्याला कोणी बोलत नव्हतं, कारण इथं त्याची गरजच पडत नव्हती. गोल होत होते ना!

आणि हंगाम तरी केवढा आपला? वरिष्ठ गटात 16 संघ, लीग आणि मोजक्या स्पर्धा, उन्हाळा संपेपर्यंत सगळं आटपतं. पाऊस पडला की गांधी मैदानाचं पुन्हा वरुणतीर्थ होतं. मूळचं तळंच ते, पाणी आपली जागा विसरत नाही. पुढचे कित्येक महिने सतरा वर्षांचा पोरगा काय करणार? कट्ट्यावर बसणार. मागच्या हंगामातले गोल लोक त्यालाच सांगणार आणि तो ऐकणार. असे किती जण मी बघितलेत. सतराव्या वर्षी पेठेचा हिरो, पंचविशीत गुडघा गेलेला, तिशीत गॅलरीत बसून शिव्या देणारा. त्यांतले दोघं माझ्या वयाचे आहेत, माझे जिवलग आहेत. म्हणून पाठवलं.

त्याची आई तयार नव्हती. मी तिला अनिकेत जाधवचं उदाहरण दिलं. आपल्या कोल्हापूरचा पोरगा 2017 मध्ये दिल्लीत 17 वर्षांखालचा विश्वचषक खेळला, पुढं इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद या संघांत गेला. तो गाव सोडून गेला म्हणूनच ना? ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "दादा, तुम्ही म्हणतासा म्हणून सोडतो त्याला." आता वाटतं, एका पोराचं उदाहरण देऊन दुसऱ्या पोराला पाठवायचं नसतं. बाहेर गेलेल्या पण नाव न झालेल्या पोरांची उदाहरणं माझ्याकडं होती. मी ती दिली नाहीत.

तालमीच्या बैठकीतही मीच उभा राहिलो. ज्येष्ठ मंडळी विरोधात होती. एक जण म्हणाले, "आपण पिकवायचं आणि दुसऱ्यानं खायचं?" मी आवाज चढवून बोललो. पेठेपुढं सांगितलं की तीन वर्षांत हा टीव्हीवर दिसेल, नाही दिसला तर मला विचारा. तुम्ही विचारताय, बरोबरच करताय.

आता जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगतो.

2023 चा हंगाम. शाहू स्टेडियमवर आमचा सामना, समोर कोण होतं ते सोडा. शेवटच्या काही मिनिटांत त्यांनी बरोबरी केली आणि टायब्रेकर लागला, म्हणजे पेनल्टी किकवर निकाल. गॅलरी उभी. माझा फोन वाजला, त्याचं नाव. एका कानात बोट घालून उचलला.

"मामा, कुठं हायसा?"

"स्टेडियमवर रं! टायब्रेकर लागलाय!"

"कोण कोण मारणार हाय?"

मी नावं सांगितली. तो एकेकाबद्दल बोलायला लागला. हा डाव्या कोपऱ्यात मारतो, त्याला पहिला देऊ नका. मी म्हटलं, आता मी कुणाला सांगणार? तो हसला. मग म्हणाला, "मामा, फोन वर धरा की जरा. ऐकू द्या."

मी फोन डोक्यावर धरला. दोन्ही बाजूंच्या पाच-पाच किक होईपर्यंत धरून ठेवला. हात भरून आला, या हातातून त्या हातात घेतला. हलगी, शिट्ट्या, प्रत्येक किकच्या आधी पडणारी ती शांतता आणि मग उठणारा आवाज, सगळं त्याच्याकडं जात होतं. आम्ही जिंकलो. लोक एकमेकांच्या अंगावर पडले. मी फोन कानाला लावला, मला वाटलं तो ओरडत असेल. पलीकडं काहीच नव्हतं. कट झाला असं समजून मी बघितलं तर चालू होता.

"जिंकलो रं!"

"ऐकलं." मग थोडं थांबून, "मामा, मला डावा बॅक खेळवायला लागलेत."

"का?"

"पुढं परदेशी हाय. दुसरा बी आणणार हायेत. कोच म्हणतोय, तुझा वेग हाय, मागं ये."

माझ्या पाठीवर थापा पडत होत्या, कोणीतरी गुलाल टाकला होता, डोळ्यांत गेला होता. मी म्हटलं, "कोच सांगतोय ते कर. खेळायला मिळतंय न्हवं? मग झालं तर."

तो म्हणाला, "मी परत येऊ का?"

आणि मी म्हणालो, "आत्ता आलास तर पेठ काय म्हणंल?"

"बरं," म्हणाला आणि ठेवला.

आता तुम्हीच सांगा, मी कुणाचा विचार केला? पेठ त्याला काय म्हणेल याचा नव्हता तो विचार. पेठ मला काय म्हणेल याचा होता. बैठकीत आवाज चढवला होता तो मी, तीन वर्षांचा वायदा केला होता तो मी. पोरगं एकोणीस वर्षांचं, परक्या भाषेच्या गावात, डब्यातला भात खात, दहा मिनिटं फक्त आपला आवाज ऐकत बसलं होतं. मला ते कळायला पाहिजे होतं. फोन वर धरा म्हणाला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

पण लगेच दुसरं मन म्हणतं, मग काय सांगायला पाहिजे होतंस? ये म्हणून? पहिल्याच अडचणीला परत आला असता तर आयुष्यभर "जाऊन आलेला" राहिला असता. आणि अडचण एकट्या त्याची होती का? या देशात मोठ्या क्लबांत नऊ नंबरची, म्हणजे मुख्य फॉरवर्डची, जागा बहुतेक वेळा परदेशी खेळाडूला जाते. आपला पोरगा फॉरवर्ड म्हणून जातो आणि विंगला किंवा मागं सरकतो. भारताचा कर्णधार सुनील छेत्री देशासाठी 94 गोल करून 2024 च्या जूनमध्ये निवृत्त झाला आणि 2025 च्या मार्चमध्ये चाळिशीत त्याला परत यावं लागलं. एवढ्या मोठ्या देशात दुसरा नऊ नंबर तयार झाला नाही, तर आमच्या पेठेतल्या पोरावर तेवढा राग का? तो वाया गेला म्हणणाऱ्यांनी निदान एवढं तरी बघावं.

हे सगळं मी स्वतःला शंभर वेळा सांगितलंय. खरंही आहे ते. पण त्या रात्री यातलं काहीच माझ्या मनात नव्हतं, म्हणून त्याचा मला आधार घेता येत नाही.

तुमच्यातले जे म्हणतात की डाव्या बॅकवर खेळवून त्याचा फॉरवर्ड मारला, त्यांना त्याचंच एक बोलणं सांगतो. मी एकदा हिय्या करून विचारलं, तुला राग आहे का माझा? म्हणाला, "मामा, बॅक खेळलो म्हणून दोन वर्षं पगार मिळाला. घराचं पत्रे काढून स्लॅब टाकला. फॉरवर्डच पाहिजे म्हणून बसलो असतो तर बाकावर बसलो असतो." मला सुटल्यासारखं वाटलं. मग घरी जाताना लक्षात आलं, रागाचं उत्तर त्यानं दिलंच नव्हतं.

पुढचं थोडक्यात. 2025 च्या मे महिन्यात त्याचा करार संपला. जुलैत आयएसएलच, देशातली सगळ्यात वरची लीग, थांबवून ठेवल्याची बातमी आली, तशी खालच्या क्लबांचीही पळापळ झाली. कुणी नवीन करार करेना, कुणी नाही असंही स्पष्ट सांगेना. तो गणपतीच्या आधी घरी आला, तो इथंच आहे. तेव्हापासून तुमचे प्रश्न वाढलेत. आता तालमीकडून खेळणार का? फॉरवर्ड की बॅक? संपला का तो? एकवीस-बावीस वर्षांच्या पोराला संपला म्हणताना जीभ कशी उचलते तुमची? हे मी रागानं लिहितोय आणि ते तसंच राहू दे. मला घाला शिव्या, मी ऐकून घेतो. त्याच्या आईला भाजी घेताना थांबवून "पोरगं परत आलं व्हय?" म्हणून विचारू नका. ती त्या दिवशी भाजी न घेताच घरी गेली.

आणि तो सुधारला का, हा जो खरा फुटबॉलचा प्रश्न आहे, त्याला मला होय-नाही असं उत्तर देता येत नाही. गेले पंधरा दिवस तो पहाटे गांधी मैदानावर येतो. पाणी ओसरलंय, कडेला अजून चिखल आहे. मीही जातो, पायऱ्यांवर बसतो, त्याला माहीत असतं. काल पोरांनी दोन संघ केले आणि त्याला पुढं उभं केलं. चेंडू जोरात आला, पाठीला एक धिप्पाड पोरगं रेटत होतं. त्यानं खांदा थोडा खाली घेतला, चेंडू डाव्या पायाच्या आतल्या बाजूनं मऊ थांबवला आणि त्याच पायावर वळला. ते पोरगं अजून जुन्या जागेलाच रेटत होतं आणि हा पुढं निघून गेला होता. 2020 मध्ये हे त्याला सात जन्मांत जमलं नसतं. मी उठून उभा राहिलो.

समोर डी (गोलपुढची चौकट), गोलकीपर पुढं आलेला, उजवा पाय मोकळा. पूर्वी तिथून तो डोळे झाकून मारायचा. मी ओरडलो, "मार!"

त्यानं मान वर केली, बघितलं आणि डावीकडं पास दिला. पास बरोबर होता. त्या बारक्या पोरानं नुसता पाय लावला, गोल झाला.