पांढरा रुमाल

मेच्या शेवटच्या आठवड्यात शेजारची मुलगी संध्याकाळी आमच्या सोप्यावर येऊन बसली. बी.कॉम. झालेली, पणजीत एका कचेरीत दोन वर्षं काढून कंटाळलेली. मी सूप मांडीवर घेऊन मिरच्यांची देठं मोडत होते. तिने मोबाइल पुढे केला. त्यात आकड्यांचे रकाने होते: माल, दुकानभाडं, पिशव्या, जाहिरात, फोटो काढणारा. "काकी, कापडाचा धंदा करायचाय. सुरुवातीला भांडवल किती लागेल?"

"सहा पांढरे रुमाल," मी म्हटलं. "सुती. चार वेळा धुतलेले असले तर उत्तम."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. आमच्या घरात चेष्टेचं खातं सासूबाईंकडे आहे, माझ्याकडे नाही. पण हे तिला कुठून ठाऊक असणार.

चौदा वर्षांपूर्वी मी डिचोलीत घरच्या पुढच्या खोलीतून कापड विकायला लागले, तेव्हा माझ्याकडे रुमालही नव्हते आणि अक्कलही. जूनमध्ये घाट चढून इचलकरंजीला गेले आणि साठ सुती साड्या घेऊन आले. खळ दिलेल्या, करकरीत, घडी उलगडली की कागदासारख्या वाजणाऱ्या. विकायच्या होत्या चवथीला, म्हणजे गणपतीत, पण जूनमध्ये स्वस्त पडल्या म्हणून आधीच उचलल्या. वाटलं, केवढी मी हुशार! लोखंडी कपाटात रचल्या, कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवलं आणि किल्ली कमरेला लावली.

भिंत चिऱ्याची. गोव्यात पावसाळ्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा चिरा पिऊन बघतो. ऑगस्टमध्ये कपाट उघडलं तर आधी वास आला, मग दिसलं. भिंतीकडच्या साड्यांवर मोहरीएवढे काळपट ठिपके. मधल्या साड्यांच्या घड्यांवर पिवळ्या रेघा. आणि तळातल्या साडीतून एक चंदेरी कसर सळसळत बाहेर पडली, जणू घर तिचंच आणि मी पाहुणी. एकवीस साड्या गेल्या. मी कपाटासमोर जमिनीवर बसले होते. सासूबाई आल्या, एका साडीचा पदर दोन बोटांत चोळला, हुंगला आणि म्हणाल्या, "पेज वाढून ठेवलीस गो. जेवायला कोणीतरी येणारच."

तेव्हा राग आला होता. पण कापडाची निगा ह्या विषयावर नंतर मी जे काही शिकले, ते ह्या एका वाक्याच्या आत मावतं. खळ म्हणजे पिठूळ अन्न. तांदळाची असो की साबुदाण्याची, बुरशीला आणि कसरीला ती कापसाच्या आधी आवडते. नेसायच्या साडीला खळ हवी. ठेवायच्या साडीला अजिबात नको. आज माझ्याकडे माल आला की चवथीपर्यंत थांबणारा प्रत्येक नग आधी खळ काढून, वाळवून, मगच आत जातो. विकण्याच्या आठवड्यात पुन्हा हलकी खळ. दुप्पट काम आहे. पण एकवीस साड्यांचे पैसे भरलेल्या बाईला दुप्पट काम जड वाटत नाही.

दुसरी गोष्ट कळायला जास्त वेळ लागला. आपण ज्याला कोरडं म्हणतो ते सुती कापडही कोरडं नसतं. साधारण हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी अंगात बाळगून असतो, रेशीम अकरा टक्के. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून ते पावसाळ्यात दोरीवर लवकर वाळतं आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटतं. आमच्या जुलैच्या हवेत तर कापूस ह्याहून कितीतरी जास्त पाणी ओढतो. म्हणजे कपाटात तुम्ही साड्या ठेवत नाही, थोडं थोडं पाणी ठेवता. त्याला श्वास घ्यायला जागा लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली साडी सुरक्षित वाटते, पण आतला दमटपणा आतच कोंडतो. जुन्या धुतलेल्या मांजरपाटाची गुंडाळी त्याहून शंभर पटीने बरी.

पावसाआधीच्या बेगमीला आमच्याकडे पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि सुक्या मासळीबरोबर घरोघरी राहिला. सुंगटं म्हणजे सुकी कोळंबी, सोलां म्हणजे आमसुलं, मिरच्या, कांद्यांच्या माळा. सासूबाईंच्या पुरुमेंतात कपडेही येतात. मेमध्ये एक दिवस राजांगणात दोऱ्या बांधतात आणि पेट्यांतलं सगळं बाहेर निघतं. रेशमी साड्या उन्हात नाही, सावलीत. प्रत्येक साडी जुन्या घडीवर न मोडता नव्या घडीवर मोडायची, नाहीतर तीच रेघ वर्षानुवर्षं मुडपत राहते आणि एक दिवस तिथूनच फाटते. जरीच्या साडीला डांबरगोळी शिवू द्यायची नाही. कोपऱ्यात वेखंडाच्या कांड्यांची पुरचुंडी आणि कडुलिंबाचा सुका पाला. मग कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचं. ही वीत मला एकवीस साड्यांना पडली.

आता रुमाल.

इचलकरंजी असो, बेळगाव असो, नवा तागा घरात आला की मी कोपऱ्यातून तळहाताएवढा तुकडा कापते. तो पांढऱ्या रुमालात गुंडाळून, दोन्ही कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवते, पिळते, तसेच एकमेकांना चिकटवून वाळवते. रुमाल पांढरा राहिला तर तागा दुकानात. रुमालाने रंग घेतला तर तागा परत, आणि परत घेत नसतील तर व्यापारी बदलायचा. गिऱ्हाईक "रंग जाणार नाही ना?" असं विचारतं, तेव्हा मी शपथ घेत नाही, रुमाल दाखवते. तुकडे मी वहीत चिकटवून ठेवते, खाली तारीख आणि भाव. अशा चार वह्या झाल्यात. हिशेबाच्या वहीपेक्षा त्या मला जास्त खरं सांगतात.

इथे एक जुना समज मोडायला हवा, कारण तो आमच्या घरातही चालत आला आहे: रंग जाऊ नये म्हणून पहिल्या धुण्यात मीठ घालायचं. मीठ रंगवताना कामाचं. रंगाच्या पातेल्यात ते रंगाला धाग्याकडे ढकलतं. पण कच्चा रंग एकदा कापडावर बसून बाजारात आला, की तुमच्या बालदीतलं मूठभर मीठ त्याला पक्का करू शकत नाही. व्हिनेगरही नाही. कच्चा रंग कच्चाच. तो वेगळा धुवायचा आणि जाईल तेवढा जाऊ द्यायचा. सासूबाई अजूनही मीठ घालतात. मी पाहिलं न पाहिलं करते. सत्तर वर्षांच्या हाताला मी काय शिकवणार.

धागा ओळखायची परीक्षा मात्र आम्हा दोघींना एकाच पद्धतीने येते. कडेचे दोन धागे ओढायचे आणि काडी लावायची. कापूस कागद जळल्याचा वास देतो आणि मऊ राख सोडतो. रेशमाला केस जळल्यासारखी घाण सुटते. पॉलिएस्टर वितळतं, आकसतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. "शुद्ध कॉटन आहे, ताई," असं म्हणणाऱ्याच्या तोंडासमोर तो मणी नखाने टिचकवून दाखवण्यात जी मजा आहे, तिच्यासाठीसुद्धा हा धंदा करावा.

मुलीच्या रकान्यांत एक मोठी चूक होती, ती मी तिला पाटीवर मांडून दाखवली. १२० रुपये मीटरने २० मीटरचा तागा घेतला, २४०० झाले. सुती कापड विणताना ताणलेलं असतं. पहिल्या पाण्यात ते आपल्या जागी येतं. पाच टक्के आटलं तर १९ मीटर उरलं. बसचं भाडं आणि हमाली धरा २०० रुपये. शेवटी अर्धा मीटर कुणालाच पुरत नाही, चिंधीत जातो. २६०० भागिले साडेअठरा. म्हणजे १२०चं कापड घरात १४०ला पडलं, आणि नफा अजून सुरूही झाला नाही. ती म्हणाली, "मग न भिजवताच विकायचं ना, काकी? आटेल ते गिऱ्हाइकाच्या घरी आटेल." मी तिच्याकडे बघितलं. बी.कॉम.चा दोष म्हणायचा.

मीही पहिल्या वर्षी तेच केलं होतं. फोंड्याच्या एका बाईंनी माझ्याकडच्या कापडाचा पंजाबी ड्रेस शिवला आणि तीन आठवड्यांनी तो घेऊन आल्या. काही बोलल्या नाहीत. फक्त बाही मनगटाशी धरून दाखवली. ती मनगटाच्या चार बोटं मागे थांबली होती. त्या बाई परत कधी आल्या नाहीत, त्यांच्या दोन जावाही आल्या नाहीत. फॉलचंही तसंच. सुती फॉल रात्रभर भिजवून, वाळवून, मगच साडीला लावायचा. नाहीतर पहिल्या धुण्यात फॉल आखडतो, साडी आखडत नाही, आणि काठ चुण्या पडून वर उचलला जातो. साडी बिघडवतो फॉल, नाव बिघडतं आपलं.

डागांबद्दल लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, म्हणून बायका घाबरतात. ती हळदीची खोडच आहे. साबणातल्या खाराने ती तांबूस होते. धुवून कडक उन्हात टाका, ऊन हळदीला खातं. लग्नं मेमध्ये होतात ते बरंच आहे. आमच्या खाणपट्ट्यातली लाल माती ओली असताना चोळू नये. वाळू द्यावी, झटकावी, मग गार पाणी. तिच्यात लोखंड असतं, त्यावर ब्लीच ओतलं तर डाग जायचा तर नाहीच, पक्का होतो. गंजाच्या डागावर परसातलं आंबट बिंबल चिरून मीठ लावून घासायचं. त्यातलं आम्ल गंजाला विरघळवतं. मग नीट खळबळून धुवायचं, नाहीतर ते आम्ल कापडालाही खातं. आणि काजूच्या बोंडूच्या रसाला औषध नाही. अंगावर उडाला तेव्हा दिसतसुद्धा नाही, वाळला की तपकिरी होऊन बसतो. बोंडू मळायला जाताना जुनं नेसावं, एवढंच.

कागदपत्रांना लोक उगाच भितात. उद्यम नोंदणी फुकट आहे, घरी बसून होते. वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत आणि माल गोव्यातच विकायचा, तर जीएसटी नोंदणी लागत नाही. पण मिलचं कापड पत्रादेवीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात बांद्याला पाठवायचं झालं, तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते. हे आधी चांगल्या हिशेबनिसाला विचारून घ्यावं. माझी खरी अडचण जीएसटी नव्हे, उधारी. "चवथीनंतर देते गो" हे वाक्य ऐकायला इतकं गोड असतं की त्यावर व्याज लावायला जीभ वळत नाही.

आणखी एक. बाहेरून आलेली माणसं 'गोव्याचं कापड' मागतात, म्हणजे त्यांना लाल चौकड्यांची कुणबी साडी हवी असते, शेतात काम करणाऱ्या बायकांची, खांद्यावर गाठ मारून नेसायची. ती विस्मरणात चालली होती. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा हातमागावर आणली आणि जगाला दाखवली. त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली. तेव्हापासून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही लाल चौकडी दिसते, बरीचशी यंत्रमागाची. तीही मी विकते, पण 'लाल चौकड्यांची साडी' म्हणून. कुणबी म्हणत नाही. भाव कमी मिळतो. हातमागाची हवी असेल तर हातमागाची खूण बघून घ्या म्हणते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला. संध्याकाळी ती मुलगी छत्री मिटवत सोप्यावर आली, हातात स्टीलचा डबा. बेळगावहून तीन तागे आणले होते तिने. डब्यातून तीन रुमाल काढून माझ्यापुढे मांडले. एक पांढरा, दुसरा पांढरा, तिसरा गुलाबी, पिकल्या पेरूच्या गरासारखा. तिचा चेहरा पडला होता. "हा तागा परत करते, काकी. घेतील ना?"

"पावती आहे?"

"आहे."

"मग घेतील."

सासूबाई आतून पेजेचं भांडं घेऊन बाहेर आल्या. तिसरा रुमाल उचलून त्यांनी उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"तागा करा परत," त्या म्हणाल्या. "पण ह्या रंगाची साडी कुठे मिळते ते बघ गो. एक मी घेईन."