"मला रडूच येत नाही हो"

आज समुपदेशनाला एक ताई आल्या होत्या. नवरा जाऊन काही महिनेच झालेत. बसल्यावर पर्समधून चष्मा काढला, ओढणीने काचा पुसल्या आणि म्हणाल्या, "मला रडूच येत नाही हो. माझं प्रेम नव्हतं का?"

हा प्रश्न किती जणांना आतून पोखरतो! त्यात कुणीतरी दुःखाचे ते पाच टप्पे ऐकवलेले असतात: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी ते १९६९ मध्ये मांडले, पण मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी ते ओळीने पार करायचे असतात, असं मुळीच नाही. कुणी रडतं, कुणी गप्प होतं, कुणी स्वतःला कामाला जुंपून घेतं. (वर्ष उलटूनही रोजचं जगणं ठप्पच असेल, तर मात्र तज्ज्ञांची मदत घ्यायलाच हवी.)

मी एवढंच विचारलं, "कसे होते ते?" मग त्या बराच वेळ बोलत राहिल्या, नवऱ्याचं नाव घेऊन. घरी ते नाव कुणी काढत नाही, ताईंना त्रास होईल म्हणून.

कृपा करून असं करू नका. "सावर आता" म्हणण्याऐवजी गेलेल्या माणसाची आठवण काढा आणि ऐकत बसा.