कणीएवढी स्प्रिंग

मिरजेत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली काम मुख्यतः सेल बदलण्याचं. गेल्या महिन्यात एक मुलगी आजोबांना हाताला धरून घेऊन आली. त्यांच्या मनगटावर कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू होतं, १९८९ साली आलेलं ते साधं प्लास्टिकचं मॉडेल. चार दिवसांपूर्वी दुसरीकडे सेल बदलला आणि तेव्हापासून दर तासाला वाजत नाही म्हणाले.

“काका, वेळ तर बरोबर दाखवतंय,” मी म्हणालो.

“दाखवत असेल. मला दिसत नाही.”

काचबिंदूनं नजर गेलेली. रेडिओवर सात-पाचच्या पुण्याच्या बातम्या लागण्याआधी घड्याळाची होते ती टीट-टीट म्हणजे सात. तिथून दिवसभर तास मोजायचे. मी बोलणारं घड्याळ दाखवलं. “चारचौघांत ओरडतं,” म्हणून नको म्हणाले.

मागचे चार स्क्रू काढले. अशा घड्याळात स्पीकर नसतोच. झाकणाला आतून पातळ पिझो चकती चिकटवलेली असते. तिला वीज मिळाली की थरथरते आणि सगळं झाकणच वाजतं. ती वीज बोर्डावरून चकतीपर्यंत नेते तांदळाच्या कणीएवढी एक स्प्रिंग. ती नसली तरी बाकी सगळं ठणठणीत चालतं. क्वार्ट्झचा चिमुकला चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, बोर्डावरच्या काळ्या थेंबाखालची चिप तो आकडा १५ वेळा निम्मा करून बरोबर १ वर आणते, काचेवर सेकंद पुढे सरकतात.

स्प्रिंगची जागा रिकामी होती. झाकण उघडताना ती उडते, आणि उडालेली शोधायला वाकायचं तर मागे गिऱ्हाईक उभं असतं. आकडे दिसले, पैसे घेतले. मला संताप आला. पण झाकण लावल्यावर आवाज ऐकून बघायची सवय मला तरी कुठे होती? पंचवीस वर्षं मीही आकडेच बघत आलो.

भंगारच्या डब्यात याच मॉडेलची दोन मेलेली घड्याळं सापडली. एकाची स्प्रिंग काढून बसवली, बटण दाबलं, वाजलं. तरी तासाची टीट आली नसतीच. सेल काढला की सेटिंग पुसलं जातं, घंटीची खूण परत चालू करावी लागते. हे त्या दुकानदारानं सांगायला हवं होतं. दिसणाऱ्यालाही ते आपोआप कळत नाही. मोबाईलवर बघून सेकंद शून्यावर आणले.

बाराला नऊ मिनिटं होती. आजोबा थांबतो म्हणाले. मी दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही. टीट-टीट झालं तशी त्यांनी मान हलवली, आणि विचारलं, “हरवलं होतं काय नक्की?”

दुसऱ्या घड्याळातली स्प्रिंग चिमट्यानं उचलून त्यांच्या तर्जनीवर ठेवली. अंगठ्यानं ते हळूच चाचपत राहिले.

“ठेवलीत का?” त्यांनी विचारलं.