‘शांत आहे’ म्हणजे नेमकं कसा आहे? वयस्क फॉस्टर कुत्र्याला घर शोधताना

"आठ-नऊ वर्षांचा, शांत, कुणालाही त्रास न देणारा. प्रेमळ घर हवे." फॉस्टर, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुणीतरी तात्पुरता सांभाळलेल्या, कुत्र्यांच्या अशा पोस्ट व्हॉट्सॲपवर येतात आणि तशाच वर सरकत निघून जातात. त्याच ग्रुपवर कुणी तीन पिल्लांचा हललेला फोटो टाकला की तासाभरात चौकशा सुरू. वयामुळे असं होतं हे खरं, पण निम्मा दोष आम्ही त्या ‘शांत’ शब्दाला देतो. वाचणाऱ्याला त्यातून काहीच दिसत नाही. आणि बऱ्याचदा लिहिणाऱ्यानेही तो शांत का आहे हे तपासलेलं नसतं.

कुत्रा स्वभावाने शांत असतो, घाबरून गप्प असतो, नाहीतर आजारी असतो. कोपऱ्यात पडून राहणं तिन्हीत सारखंच. यातलं कोणतं हे न ठरवता घर शोधायला लागलं, की महिनाभराने "तुम्ही सांगितला होता तसा नाही हा" असा फोन येतो.

घाबरलेला कुत्रा नव्या जागेत पहिले तीन-चार दिवस नीट जेवत नाही, शी दाबून ठेवतो, हात लावला की हलत नाही. लोकांना वाटतं, किती गरीब! दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जरा रुळला की तोच बेल वाजल्यावर भुंकतो, ताटलीजवळ कुणी आलं तर गुरगुरतो. म्हणून फॉस्टरकडे किमान तीन आठवडे झाल्याशिवाय स्वभावाबद्दल काही लिहू नका. या काळात एक वही ठेवा: मांजर दिसलं तर काय करतो, सोसायटीतल्या मुलांचा क्रिकेटचा दंगा सहन होतो का, घरात एकटा किती तास राहतो, लिफ्टमध्ये चढतो का, कुरिअरवाल्यावर धावतो का. जे पाहिलं नाही त्यापुढे ‘माहीत नाही’ लिहा. लहान मुलांबरोबर ठेवून पाहिलेलंच नसताना ‘मुलांशी छान’ असं लिहिणं हा सगळ्यात महागात पडणारा खोटेपणा.

आता आजारपण. आपल्याकडे रस्त्यावरून आलेल्या मोठ्या कुत्र्यात पहिला संशय टिक फीव्हरचा. गोचिडांमधून येणारा एर्लिकिया हा जिवाणू महिनोन्‌महिने अंगात राहतो. कुत्रा थोडा सुस्त, थोडा बारीक, हिरड्या फिकट, बाकी ‘शांत’. रक्तातले प्लेटलेट्स कमी आले तर व्हेट बहुधा डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात, साधारण 28 दिवस, आणि पोटात काही असतानाच. दहाव्या दिवशी कुत्रा टुणटुणीत दिसायला लागतो आणि तिथेच कोर्स सुटतो. कोर्स संपवून, प्लेटलेट्स पुन्हा मोजून मगच कुत्रा दुसऱ्याच्या हाती द्या.

सात वर्षांवरच्या कुत्र्याच्या सीबीसीबरोबर (रक्तपेशींच्या मोजणीबरोबर) किडनीसाठी क्रिएटिनिन, युरिया, लिव्हरसाठी एएलटी, एएलपी, शिवाय साखर आणि लघवीची तपासणी करून घ्याच. लघवी वगळू नका. किडनीचं बरंचसं काम बंद पडल्यावर क्रिएटिनिन वाढतं. लघवी पातळ झालेली त्याआधी कळते. सकाळची पहिली लघवी हवी. मादी बसली की लांब दांड्याचा डाव मागून अलगद सरकवा, नेम चुकत नाही. (तो डाव पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही, हे सांगायला नको.) घरच्या घरी दोन मोजमापं करता येतात. सकाळी भांड्यात मोजून तीन लिटर पाणी ठेवा, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा. दिवसाला किलोमागे 100 मिलीच्या वर, म्हणजे वीस किलोचा कुत्रा दोन लिटरहून जास्त पीत असेल, तर व्हेटला सांगा. दुसरं, गाढ झोपेत असताना मिनिटभर श्वास मोजा. रोज तीसच्या वर जात असतील तर हृदय तपासून घ्या.

मादीची नसबंदी झालेली नसेल तर ती देण्याआधी करा. वयस्क मादीत माजानंतरच्या दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. पाणी जास्त पिणं, खाणं सोडणं, कधी घाण वासाचा स्राव, कधी स्राव अजिबातच नाही. ही इमर्जन्सी आहे, नव्या घराला ती पहिल्याच महिन्यात भेट म्हणून देऊ नये. पोटाखाली सडांजवळ गाठी आहेत का हेही बोटांनी चाचपून पाहा.

दुखण्याने शांत झालेला कुत्रा ओळखणं सगळ्यात अवघड, कारण तो कण्हत नाही. बसताना आधी घुटमळतो, मग धपकन बसतो. उठताना पुढचे पाय ताणून मागचं अंग ओढतो. सोफ्यावर चढणं त्याने कधी सोडलं ते कुणाच्या लक्षातही येत नाही. असं दिसलं तर एक्स-रे काढा. किडनी-लिव्हरचे रिपोर्ट ठीक असतील तर दोन आठवडे वेदनाशामक देऊन पाहावं का, हे व्हेटला विचारा. बऱ्याचदा त्या दोन आठवड्यांत वेगळाच कुत्रा समोर येतो, चेंडू तोंडात धरून आलेला. माणसांच्या आयब्युप्रोफेनची गोळी ‘अर्धीच तर आहे’ म्हणून देऊ नका. कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, किडनी जाते.

डोळ्यात निळसर धुरकटपणा दिसला म्हणजे मोतीबिंदूच असं नाही. म्हातारपणी भिंग घट्ट होतं, तरी कुत्र्याला बऱ्यापैकी दिसतं. मोतीबिंदू पांढरा असतो. ऐकू येतं का हे तो झोपलेला असताना मागून टाळी वाजवून पाहा. बहिऱ्या कुत्र्याला हात लावून उठवायचं नाही, दचकून चावू शकतो. जवळ जमिनीवर पाय आपटायचा. आणि वयाबद्दल: दातांवरून पिल्लाचं वय सहा-सात महिन्यांपर्यंतच नीट सांगता येतं. पुढे तो अंदाज. किटण चढलेले पिवळे दात चार वर्षांच्या कुत्र्यालाही असतात. म्हणून ‘अंदाजे’ हा शब्द गाळू नका.

एवढं झालं की पोस्ट आपोआप लिहून होते. नमुना असा:

"सोनी, देशी मादी, अंदाजे 8 ते 9 वर्षे, 18 किलो. नसबंदी झालेली, रेबीज आणि नाइन-इन-वन लसी पूर्ण. घरात शी-शू करत नाही, सकाळी साडेसहा आणि रात्री नऊला फेरी पुरते. चार तास एकटी राहते. मांजरं चालत नाहीत. मागच्या पायांना संधिवात, रोज एक गोळी. लिफ्ट किंवा तळमजला हवा. फटाक्यांना घाबरते, पलंगाखाली जाते. दुपारभर झोपते, संध्याकाळी दारात तुमची वाट बघते."

‘वाचवा’, ‘शेवटची संधी’, ‘उद्या रस्त्यावर’ असले शब्द नकोत. दयेने आलेला माणूस पंधरा दिवसांत दमतो. फोटो कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून, सकाळच्या उजेडात. एक पूर्ण अंगाचा, शेजारी माणसाचा पाय किंवा खुर्ची असलेला, म्हणजे आकार कळतो. पिंजऱ्याआडून काढलेला फोटो कुणाला आपल्या घरात बसवून पाहता येत नाही. सोबत वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ: चालताना, पट्टा बघून शेपटी हलवताना. लॅब्रेडॉर, हस्की वगैरे जातीचा कुत्रा असेल आणि नसबंदी झालेली नसेल, तर पोस्ट टाकूच नका. पहिले फोन पैदास करणाऱ्यांचे येतात, वय आठ असलं तरी येतात.

फोनवर आम्ही सगळ्यात आधी विचारतो, "आधी कुत्रा होता का? त्याचं काय झालं?" ‘चौदा वर्षांचा होऊन गेला, शेवटी सलाइन घरीच लावायचो’ हे एक उत्तर. ‘बाळ झालं म्हणून गावी पाठवला’ हे दुसरं. यानंतर बरेचसे प्रश्न उरतच नाहीत. तरी विचारायचे ते: घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी आहे का, घरातल्या कुणाचा विरोध आहे का, दिवाळीत गावी जाताना कुत्रा कुठे राहणार. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. पण घरमालकाने ‘काढा’ म्हटलं की भाडेकरूला ते कागद दाखवून फारसं काही साधत नाही.

वयस्क कुत्र्यासाठी निवृत्त जोडपं हे अनेकदा उत्तम घर असतं. दोघंही दिवसभर घरात, फेऱ्या वेळेवर, आवाज कमी. अट एकच: काका किंवा काकू दवाखान्यात असतील तेव्हा कुत्र्याला कोण बघेल, त्या मुलाचा, मुलीचा, शेजाऱ्याचा नंबर घ्या आणि त्यांच्याशी स्वतः बोला.

"आमचं फार्महाऊस आहे, मोकळा राहील" या प्रस्तावाला आमचा नकार ठरलेला आहे. मोकळा म्हणजे एकटा. आठवडाभर राखणदार टाकेल ते शिळं, शनिवार-रविवारी मालक. सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला फरशीवरची चटई हवी असते, दोन एकर नको असतात. जुन्नर-आंबेगावकडच्या उसाच्या पट्ट्यात तर बिबटे अंगणातून कुत्री उचलतात, आणि म्हातारा कुत्रा पळूही शकत नाही.

घर पाहायला जाताना कुत्रा सोबत नेऊ नका. तो दिसला की सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर जातं आणि घर बघायचं राहतं. गॅलरीच्या कठड्याच्या फटी बघा, ज्यातून डोकं जातं त्यातून बारीक देशी कुत्रा पूर्ण जातो. गेटखालची जागा बघा. फरशी गुळगुळीत व्हिट्रिफाइड असेल तर झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत योगा मॅट किंवा जाड सतरंज्यांची वाट करायला सांगा. घसरलेला म्हातारा कुत्रा भीतीने चालणंच कमी करतो. लिफ्ट नसलेला तिसरा मजला असेल तर सरळ विचारा, अठरा किलो उचलून रोज चार वेळा कोण चढणार? घरात आधीचा कुत्रा असेल तर ओळख बाहेर रस्त्यावर करून द्या: दोघं दोन माणसांकडे, आधी अंतर ठेवून एकाच दिशेने वीस मिनिटं चाल, मग घरात, जेवणाची भांडी आधीच उचलून ठेवलेली.

कुत्रा सोपवायचा दिवस नीट निवडा. शनिवारी सकाळ बरी, म्हणजे दोन दिवस माणसं घरात असतात. गणपतीच्या मिरवणुका आणि दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे टाळा. ढोल-ताशा किंवा फटाक्यांनी बिथरलेला कुत्रा जुन्या घरात पलंगाखाली जातो, नव्या घरातून पळतो. घाटातून गाडीने न्यायचं असेल तर चार-पाच तास आधी जेवण बंद, पाणी चालू. लांब, रेल्वेने न्यायचं असेल तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे (दोन बर्थचा बंद कप्पा) नावावर लागतो. नाहीतर गार्डच्या डब्यातला डॉगबॉक्स. मे महिन्यात वयस्क कुत्र्याला त्या डॉगबॉक्समध्ये घालू नका, सोपवणं पुढे ढकला.

नव्या घराच्या दारात गाडीतून उतरतानाच कुत्री निसटतात. त्यामुळे हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) एक आणि गळ्यातल्या पट्ट्याला एक, अशा दोन दोऱ्या बांधून उतरवा. पट्ट्याखाली दोन बोटंच जावीत. नव्या घराचा फोन नंबर असलेला बिल्ला आदल्या दिवशीच अडकवा. बरोबर द्यायच्या गोष्टी: न धुतलेली त्याची चादर, सात दिवसांचं नेहमीचं खाणं, औषधांचा तक्ता, सगळे रिपोर्ट, आणि त्याला कळणारे शब्द. तुम्ही ‘बस’ म्हणत असाल आणि ते ‘सिट’ म्हणत असतील, तर कुत्रा हट्टी ठरतो.

खाणं बदलायचंच असेल तर दर दोन दिवसांनी पाव-पाव भाग, आठवडाभरात. आमटी-भाजीत कालवलेली पोळी नको, कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. तिसऱ्या दिवशी पातळ शी होणं नेहमीचं; मऊ भात आणि उकडलेलं चिकन, हाड आणि मीठ न घालता. रक्त दिसलं किंवा उलट्या थांबेनात तर व्हेट. पहिले पंधरा दिवस अंघोळ नाही, पाहुणे नाहीत, दोरी सोडणं नाही. शिकलेला कुत्राही नव्या घरात एक-दोनदा आत शू करतो. रागावू नका, दर चार तासांनी बाहेर न्या. गुरगुरला तर त्यासाठीही रागावू नका. गुरगुरणं बंद पाडलं की पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतात.

करारावर दोनच कलमं खरी महत्त्वाची: कुत्रा तिसऱ्या कुणाला द्यायचा नाही, आणि नको झाला तर, केव्हाही, तुमच्याकडेच परत. मायक्रोचिप (कातडीखालची ओळख क्रमांकाची चिप) असेल तर नोंदणीत नवं नाव-नंबर त्याच आठवड्यात बदलून घ्या, महापालिकेचा परवानाही नव्या पत्त्यावर. तीन महिने तुमच्याकडची जागा शक्यतो मोकळी ठेवा, परत आला तर त्याला पिंजऱ्यात ठेवायची वेळ येऊ नये.

आणि कुत्रा दिल्यावर नव्या घरी चौकशी करताना "कसा आहे?" असं विचारू नका, "शांत आहे" एवढंच उत्तर येईल. सकाळी झोपेतून उठून दहा पावलं चालतानाचा व्हिडिओ मागवा.