विरोधक दिसतो, पण कुणाच्या हातून?

समाजमाध्यमांमुळे तरुण आपल्याच मताच्या माणसांत कोंडले जातात, हे विधान मला अर्धेच पटते. विशी-पंचविशीतल्या मुलांच्या फोनवर विरुद्ध बाजूचे पुष्कळ काही येत असते. मात्र ते त्या बाजूच्या माणसाकडून नव्हे, तर आपल्याच एखाद्या मित्राने ‘बघा यांची लायकी’ असे लिहून पाठवलेल्या स्क्रीनशॉटमधून येते, आणि त्यासाठी निवडलेला नमुना अर्थातच सर्वांत वाईट असतो. त्याच बाजूचा समंजस मुलगा वादात पडायला नको म्हणून काहीच लिहीत नाही, त्यामुळे तो कुणाला दिसतच नाही.

७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात काही तरुणांच्या आक्षेपार्ह व्हॉट्सॲप स्टेटसवरून बंद पुकारला गेला, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक आणि लाठीमार झाला, इंटरनेटही बंद करावे लागले. (शाहू महाराजांच्या शहरात हे व्हावे, याची खंत वेगळीच.) स्टेटस एरवी ओळखीपाळखीच्या लोकांनाच दिसते आणि २४ तासांत पुसले जाते. ते शहरभर जायचे, तर ज्यांना राग येईल अशांपर्यंत कुणीतरी ते मुद्दाम पोहोचवावे लागते.

कुणाला कोणता मजकूर आधी दाखवायचा हे ठरवताना फेसबुकने २०१७ पासून काही काळ संतापासह सगळ्याच इमोजी-प्रतिक्रियांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिले होते, हे कंपनीच्याच अंतर्गत कागदपत्रांतून २०२१ मध्ये उघड झाले. तरीही सगळा दोष मजकुराची अशी क्रमवारी लावणाऱ्या अल्गोरिदमवर टाकता येत नाही. अमेरिकेत २०२० च्या निवडणुकीच्या वेळी काही वापरकर्त्यांना तीन महिने केवळ कालक्रमानुसार मजकूर दाखवण्यात आला, तेव्हा त्यांच्या राजकीय दुराव्यात लक्षणीय फरक पडला नाही. वर्षानुवर्षे मुरलेला दुरावा तीन महिन्यांत ओसरेल, ही अपेक्षाच मला भाबडी वाटते. पण व्हॉट्सॲपच्या खासगी गटांत तर मजकुराची अशी क्रमवारी लावणारे कुणी नसतेच, तिथे निवड माणसेच करतात.

अनेकदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येईल, असे बंधन व्हॉट्सॲपने एप्रिल २०२० मध्ये घातले आणि अशा संदेशांचा प्रसार बराच घटल्याचे कंपनीने सांगितले. स्क्रीनशॉटला मात्र हे बंधन लागू पडत नाही, कारण तो नव्याने काढला की ॲपच्या लेखी तो पाठवणाऱ्याचा स्वतःचा, पहिलाच संदेश ठरतो.