आधी रंग, मग डबा

आमचं काम सुरू झालं ते गाड्या रंगवण्यापासून. भाऊ स्प्रे गन धरायचा, मी हिशेब आणि ग्राहक सांभाळायचे. चेपलेले दरवाजे, घासलेले बंपर, उन्हाने पापुद्रे सुटलेले टप, असं सगळं यायचं. गाडी तयार झाली की शेवटी हमखास विचारणा व्हायची, "ताई, आता वरून वॅक्स मारून द्या ना." आणि आतून भावाचा आवाज यायचा, "नाही म्हणून सांग." लोकांना वाटायचं, याला शेवटचा हात फिरवायचा कंटाळा आहे.

नकाराला कारण होतं. वर्कशॉपमध्ये रंगवलेली गाडी साधारण ६० अंशांवर तापवून सुकवतात. रंग हाताला कोरडा लागतो, पण आतलं द्रावक पुढे कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडत असतं. त्यावर वॅक्स बसवलं की त्याची वाट अडते आणि रंग पूर्ण कडक व्हायला वेळ लागतो. म्हणून रंगाच्या कंपन्या आपापल्या उत्पादनाप्रमाणे ३० ते ९० दिवस थांबायला सांगतात. कारखान्यातल्या रंगाची गोष्ट निराळी. तिथे नुसता पत्र्याचा सांगाडा भट्टीत जातो आणि वरचा थर १४० अंशांच्या आसपास भाजून निघतो. वायरिंग, प्लास्टिक, टायर सगळं बसवलेली गाडी आम्ही तेवढी तापवूच शकत नाही. त्यामुळे नवी कोरी गाडी घरी आली त्याच दिवशी वॅक्स केली तरी चालते, आणि आमच्याकडून रंगवून नेलेल्या गाडीला मात्र थांबावं लागतं. हे मी प्रत्येकाला पावती देताना सांगायचे. "मग नंतर येतो" म्हणणारे खरंच परत येऊ लागले, आणि वॅक्सचं काम वेगळं उभं करायचं ठरलं.

वेगळं म्हणजे अक्षरशः वेगळं. मधे पक्की भिंत, दोन बाजूंची फडकी निराळी, बादल्या निराळ्या. ही भावाची अट होती आणि त्याबाबत तो आजही ऐकत नाही. बऱ्याच वॅक्समध्ये आणि टायर चमकवायच्या द्रवांमध्ये सिलिकॉन असतं. त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर नवा रंग तिथे नीट पसरत नाही, गोल गोल खड्डे पडतात. पेंटर त्याला फिश आय म्हणतात. असा एक दरवाजा पुन्हा घासून रंगवायचा म्हणजे पूर्ण दिवस गेला. वॅक्सच्या बाजूचा माणूस आजही त्याच एप्रनवर रंगाच्या खोलीत गेला तर घरातली भांडणं परवडली अशी वेळ येते.

भिंत उभी राहिली, डबे आले, आणि मग कळलं की ग्राहकाला नेमकं काय हवंय हे त्याच्या बोलण्यावरून समजतच नाही. पॉलिश, वॅक्स, रबिंग, बफिंग, सगळ्याला एकच शब्द. खरं तर पॉलिश रंगातून काहीतरी काढून घेतं आणि वॅक्स रंगावर काहीतरी ठेवतं. पॉलिशमधले बारीक कण वरचा थर किंचित झिजवतात, म्हणून रेघा नाहीशा होतात. वॅक्स काहीच झिजवत नाही. ते नुसतं वर बसतं, आणि घाण, खारट पाणी, पक्ष्यांची विष्ठा यांचा पहिला मार रंगाऐवजी स्वतः खातं. मधल्या जातीचं एक क्लीनर वॅक्स मिळतं, त्यात दोन्ही असतं. जाहिरातीत ते वेळ वाचवणारं म्हणून विकलं जातं. आमच्या फळीवर ते आहे, पण मागच्या रांगेत.

मागच्या रांगेत का, ते रंगाची जाडी मोजायला लागल्यावर पटलं. जाडी मोजायचं यंत्र घ्यायचा हट्ट भावाचा. मी खर्चाकडे बघून बरेच दिवस टाळलं होतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कारखान्यातून आलेल्या गाडीवर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५०च्या घरात. डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा धरला, तर ज्या थराच्या जिवावर गाडी चमकते तो केसाहूनही पातळ. उन्हातल्या अतिनील किरणांना तोंड देणारी रसायनं या क्लिअर कोटमध्येच असतात. दर वेळी वॅक्सच्या नावाखाली त्याला थोडं थोडं घासत राहिलं तर राखायचं तेच संपत जातं. ज्यांची गाडी जुनी, क्लिअर कोट नसलेल्या एकेरी रंगाची आहे, त्यांच्याकडे मात्र क्लीनर वॅक्स मनापासून चालतं. तिथे वरचा रंग मरून पांढुरका झालेला असतो. फडक्यावर गाडीचाच रंग उतरतो, ग्राहक घाबरतो, आणि खालून ताजा लाल किंवा निळा वर येतो. क्लिअर कोटची पद्धत १९८०च्या दशकात सर्रास झाली, त्यामुळे असली काळजी जुन्या गाड्यांचे शौकीनच घेतात. अशी गाडी आली की आमच्याकडे ती करायला मारामारी असते.

यंत्राने आणखी एक केलं. आकडा अचानक दुप्पट दिसला की तो भाग पुन्हा रंगवलेला आहे हे समजतं, आणि कित्येक शेकडे दिसले की खाली पुट्टी, म्हणजे चेपलेला भाग भरायचा लेप आहे. मालकालाच ठाऊक नसतं असं बऱ्याचदा घडतं. मग मला आधी गाडीचा इतिहास समजावून सांगावा लागतो, आणि सेकंडहँड गाडी घेतलेल्या माणसासमोर ते काम जरा अवघडच असतं.

आता डब्यांविषयी. विक्रेते यायचे आणि प्रत्येकाकडे "शंभर टक्के कार्नौबा" असायचं. कार्नौबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या, पियाउई आणि सिआरा इकडच्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. कोरड्या ऋतूत पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड ते स्वतःच तयार करतं. पानं कापून वाळवतात, झोडपतात, आणि पडलेली भुकटी वितळवून गाळतात. न उमललेल्या कोवळ्या पानांचं मेण पिवळसर आणि सर्वांत वरच्या प्रतीचं मानतात, मोठ्या पानांचं काळपट. पाण्याला न जुमानणारं झाडाचं हे कवच गाडीला उपयोगी पडावं यात नवल नाही.

भावाने एकदा कच्च्या कार्नौबाचे तुकडे मागवले. ते हातात घेतल्यावर विक्रेत्यांचं बोलणं माझ्या डोक्यातून कायमचं गेलं. नखाने ओरखडा उठत नाही इतके कडक, आणि दाबले की कटकन मोडणारे. हे गाडीवर लावणार कसं? वितळणबिंदू ८२ ते ८६ अंश, म्हणजे उकळत्या पाण्यात भांडं ठेवलं की वितळतं, पण गार झालं की पुन्हा दगड. म्हणून त्यात ६२ ते ६४ अंशांना वितळणारं मधमाश्यांचं मेण घालतात, तेल घालतात, मिनरल स्पिरिटसारखं द्रावक घालतात, तेव्हा कुठे बोटाने उचलता येईल असा लेप होतो. आम्ही तो करून पाहिला (द्रावक घालताना आच बंद, भांडं विस्तवापासून लांब, हौसेपोटी कुणी गॅसवर हा उद्योग करू नये). विकायचा नव्हताच. पण त्यानंतर शंभर टक्के वाचलं की आम्ही विचारू लागलो, कशाचे शंभर? डब्यातल्या मालाचे, की मालात जे थोडं मेण आहे त्याचे? आणि टक्के वजनाने मोजलेत की आकारमानाने? यावर सरळ उत्तर देणारे दोन-तीन पुरवठादार टिकले. बाकीचे यायचे थांबले.

दुसरीकडे मेणाऐवजी लावायचं कृत्रिम पॉलिमरचं सीलंट. ते रंगाला जास्त घट्ट धरून राहतं, उन्हाला आणि शाम्पूला जास्त टिकतं. व्यवसायात ढोबळ मानाने कार्नौबाचे दीड-दोन महिने आणि सीलंटचे चार ते सहा महिने धरतात. पण सरासरी सांगून ग्राहकाचं समाधान होत नाही, म्हणून मी वही घातली. बॉनेटच्या मधोमध कागदी टेप, एका बाजूला कार्नौबा, दुसऱ्या बाजूला सीलंट, टेप काढून गाडी मालकाच्या हवाली. पुढच्या धुण्याला पाणी मारायचं आणि थेंब कसे धरतात ते लिहायचं. गाडी कुठे उभी असते, कशाने धुतात, तेही शेजारी. सुरुवातीला कारागीर हसायचे. मग तेच येऊन सांगू लागले, "ताई, डावी बाजू गेली, लिहा."

त्या वहीतून सगळ्यात मोठी गोष्ट कळली ती साबणाची. भांडी घासायच्या लिक्विडने धुतलेल्या गाडीवर कार्नौबा फार लवकर उतरतं. मग कितीही उंची डबा असो. सौम्य, गाडीच्याच शाम्पूने धुणाऱ्याकडे साधं वॅक्सही आब राखून असतं. दुसरी गोष्ट थेंबांची. थेंब नीट धरत नाहीत म्हणजे वॅक्स गेलंच असं नाही. वर धुळीचा, तेलकट धुराचा पातळ थर बसला तरी पाणी चपटं पडतं. नीट धुतल्यावर थेंब परत उभे राहिले तर वॅक्स जागेवर आहे. उलट, वॅक्स मिसळलेल्या शाम्पूने धुतलं की सगळीकडे सुरेख थेंब दिसतात आणि खाली काही उरलेलं नसतं. थेंबांचा फोटो बघून वॅक्स विकत घेणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते, त्यांना ते फारसं आवडत नाही.

त्यामुळे आमच्याकडे निवड डब्यापासून होत नाही. काळी गाडी, छपराखाली उभी, मालकाला स्वतः पुसत बसायची आवड, तर कार्नौबा. काळ्या आणि गडद रंगावर ते जी ओलसर खोली आणतं ती सीलंटला आणता येत नाही, हे माझं मत आहे. त्यातली तेलं बारीक रेघाही झाकतात, पण झाकतात म्हणजे तात्पुरत्या. चार धुण्यांत रेघा परत हजर. पांढरी गाडी, रोज रस्त्यावर, दिवसभर उघड्यावर, धुणारा माणूस दुसराच, तर डोळे मिटून सीलंट. पांढऱ्यावर ती खोली तशीही दिसत नाही, मग टिकाऊपणा का सोडायचा? मॅट रंगाला दोन्ही नाही. मेण बसलं की डाग डाग चमकू लागतो, आणि मॅट रंग पॉलिश करून सरळ करता येत नाही.

झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं सांगायलाच हवं, कारण "वॅक्स केलं होतं तरी डाग कसा पडला" ही तक्रार तिथूनच येते. तापलेल्या बॉनेटवर क्लिअर कोट नरम होतो, वर विष्ठा वाळून आक्रसते, आणि रात्री रंग गार होताना त्याच आकारात बसतो. आम्लाचा भाग वेगळाच. वॅक्स इथे वेळ मिळवून देतं, एवढंच. तो वेळ घरी बसून घालवला तर डब्याचा दोष नाही. वाळलेलं खरवडायचं नाही, ओलं फडकं वर ठेवून भिजू द्यायचं आणि उचलायचं. खाऱ्या बोअरच्या पाण्याचंही तसंच. थेंब जागेवर वाळले की क्षार मागे राहतात, वॅक्स असो वा नसो. गाडी धुतल्यावर पुसणं हेही काम आहे, हे लोक विसरतात.

मधे सिरॅमिक कोटिंगची लाट आली. आम्ही ते उशिरा घेतलं आणि आजही सगळ्यांना सुचवत नाही. ते वॅक्ससारखं वर बसत नाही, रासायनिक क्रियेने कडक होऊन रंगाला धरतं, काही वर्षं टिकतं. पण खाली जी रेघ राहिली ती आत कोंडली जाते, म्हणून आधीचं पॉलिश मन लावून करावं लागतं आणि खरा वेळ त्यातच जातो. नको झालं तर धुऊन निघत नाही, घासूनच काढावं लागतं. आणि बाटलीवरचं ते "९एच"! ते पेन्सिलच्या शिशांनी ओरखडा काढून बघायच्या चाचणीतलं मोजमाप आहे. हिऱ्यासारख्या खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीशी त्याचा संबंध नाही. उडालेला खडा त्याला विचारत नाही.

सध्या आमचा बराच वेळ लोकांना स्वतः वॅक्स करायला शिकवण्यात जातो. धंद्याच्या दृष्टीने हा वेडेपणा आहे असं हिशेब बघणाऱ्या बाईनेच म्हणायला हवं, पण ती माणसं शाम्पू, फडकी आणि डबा आमच्याकडूनच नेतात. शिकवताना सगळ्यात जास्त झगडा थराच्या जाडीवर. सगळ्यांना फासायचं असतं. जाड थराचा उपयोग शून्य, कारण वरचं सगळं फडक्यात जातं आणि पुसताना हात दुखतात ते वेगळं. सावलीत, गार पत्र्यावर, एका वेळी एकच भाग, इतकं पातळ की जेमतेम धूसर दिसावं. मग बोट ओढून बघायचं: खाली स्वच्छ चमक आली तर पुसा, ओघळ उठला तर थांबा. काळ्या खरखरीत प्लास्टिकला आधीच टेप लावा, तिथे बसलेला पांढरा डाग काढताना आमच्या कारागिरांनाही घाम फुटतो. सीलंट आणि कार्नौबा दोन्ही हवं असेल तर सीलंट आधी, ते डब्यावर दिलेल्या वेळेइतकं सुकलं की मग कार्नौबा. उलट केलं तर सीलंट मेणावर बसतं आणि मेणाबरोबर उतरतं.

भावाच्या डोक्यात आता आमच्या नावाचं वॅक्स काढायचं आहे. त्याचे नमुने मागच्या खोलीत आहेत, दोन बऱ्या गाड्यांच्या बॉनेटवरही आहेत आणि वहीत त्यांची पानं भरत चालली आहेत. एक मिश्रण उन्हात लवकर मऊ पडतंय, दुसरं पुसायला जड जातंय. पाऊस आणि ऊन दोन्ही पूर्ण झाल्याशिवाय डब्याच्या लेबलांसाठी छापखान्याला फोन करायचा नाही, असं मी त्याला सांगितलंय.