पहिल्या अंकासाठी पुण्याला

रविवारी पहाटेची एसटी पकडून साताऱ्याहून निघालो. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. उशीर केला की हाती फक्त फाटकं उरतं.

मला हवा होता इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक. मार्च १९६४, टाइम्स ऑफ इंडियाचं प्रकाशन, गोष्ट फँटमची. फँटम म्हणजे आपला वेताळ! ली फॉकनं त्याला १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात आणलं, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी. मूळ कथेतला त्याचा देश 'बंगाला'. बंगालशी घोळ नको म्हणून इंद्रजालनं 'डेंकाली' केला. आमच्या बाबांना आजही डेंकालीच ठाऊक आहे.

मंगळवार पेठेत कुलपं, नळ, पितळी दिवे यांच्यामधून वाट काढत एका ताडपत्रीपाशी थांबलो. कॉमिक्सचा गठ्ठा होता. असा गठ्ठा दिसला की मी आधी मधलं पान बघतो. पिना गंजल्या की पहिल्यांदा तेच सुटतं, आणि ते नसलेला अंक घ्यायला माझं मन होत नाही. दहा-बारा अंक चाळले, त्यातले दोनच धड निघाले, तेही ऐंशीच्या दशकातले. विक्रेता म्हणाला, "दादा, जुनं पायजे तर सदाशिव पेठेत जावा. तिथं एका काकांची लायब्ररी होती."

काकांनी कपाट उघडलं आणि मी खालीच बसलो. दहा-दहा अंक एकत्र शिवलेले, वर खाकी पुठ्ठा, कडा मशीनवर कापलेल्या. कडा कापलेला अंक संग्राहक कमी प्रतीचा मानतात. मला ते पटत नाही. सुटे अंक दिवाळीच्या साफसफाईत किलोवर रद्दीत गेले. शिवलेले तेवढे वाचले.

वेताळाचा पहिला अंक तिथे नव्हता. पण चौथ्या खंडात बहादूर भेटला, त्याची अगदी पहिली गोष्ट, डिसेंबर १९७६ ची, मराठीत. आबिद सुरतींचं लेखन, गोविंद ब्राह्मणियांची चित्रं. मुखवटा नाही, जादू नाही. कुर्ता आणि जीन्स घालून दरोडेखोरांशी भिडणारा आपल्या मातीतला नायक. रंग अजून ताजे होते.

"काका, एवढा एकच अंक द्याल का?"

"शिवण उसवायची नाही. न्यायचा तर अख्खा खंड न्या."

बरोबर होतं त्यांचं. भाव न करता पैसे दिले. शेवटच्या पानावर अंक परत करायच्या तारखांची चिठ्ठी होती, दोन्ही बाजूंनी शिक्क्यांनी भरलेली. काकांनी तिच्यावरून एकदा अंगठा फिरवला, मग खंड वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

स्वारगेटला साताऱ्याची विनाथांबा मिळाली. बाबा स्टँडवर येऊन थांबले होते. घरी जाईपर्यंत त्यांना धीर निघाला नाही. तिथल्याच बाकावर कागद सोडला आणि वाचायला लागले.

येत्या बुधवारची रजा टाकली आहे. पहिला अंक अजून मिळायचाय.